पैलवानाची चरबी चिमटीत कशी मोजायची

तालमीतला पैलवान आणि दुकानात बसणारा त्याचा मित्र, दोघंही 70 किलो. उंची सारखी, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) हीही एकच. फरक कळतो तो कॅलिपर, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मिमीत मोजणारा चिमटा, लावल्यावर.

पुरुषांसाठी उजव्या बाजूच्या तीन जागा. छातीवर काखेची पुढची कड आणि स्तनाग्र यांच्या मधोमध तिरकी घडी. पोटावर बेंबीपासून 2 सेंमी बाजूला उभी. मांडीवर समोरून जांघेची वळी आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांच्या बरोबर मध्ये उभी. अंदाजपंचे नको, टेप लावून पेनाने खूण करा.

खुणेच्या 1 सेंमी वर अंगठा आणि तर्जनीने कातडी चरबीसकट उचला. कॅलिपर खुणेवर लावून खटका पूर्ण सोडा आणि 2 सेकंदांत आकडा वाचा. वेळ लावलात की चरबी दबते, आकडा उतरतो. चिमटी मात्र वाचून होईपर्यंत सोडायची नाही. तिन्ही जागा झाल्या की दुसरी फेरी. 2 मिमीहून जास्त फरक आला तर तिसरी.

खरी डोकेदुखी मांडीची. पैलवानाची कातडी घट्ट, स्नायूही चिमटीत येतो. वजन डाव्या पायावर घ्यायला लावा, उजवा गुडघा सैल. तरी शंका आली तर मांडी आवळायला सांगा. चिमटीतून काही निसटलं, तर तो स्नायू होता.

मालिशचं तेल आधी कोरडं पुसा, नाहीतर घडी सटकते. जोर-बैठकांनंतर मोजू नका. कातडीत रक्त-पाणी उतरून घडी जाड भरते. जळगाव-भुसावळचा उन्हाळा बघता सकाळीच उरका.

मग जॅक्सन-पोलॉक या संशोधकांचं 1978 चं सूत्र (बेरीज म्हणजे तिन्ही जागांच्या मिमीची, घनता म्हणजे शरीराची):
घनता = 1.10938 − (0.0008267 × बेरीज) + (0.0000016 × बेरीज × बेरीज) − (0.0002574 × वय)
चरबी टक्के = (495 ÷ घनता) − 450

दोघंही 20 वर्षांचे धरू. पैलवानाची बेरीज 36 मिमी: 9.8 टक्के, म्हणजे 6.9 किलो चरबी. मित्राची 75: 20.9 टक्के, 14.6 किलो. सूत्र अमेरिकन पुरुषांवरून बेतलेलं आहे, तेव्हा टक्क्यांवरून पैजा लावू नका. वहीत मिमीची बेरीजच लिहा, आणि दर वेळी मोजणारा हात एकच ठेवा.

वेगवान (झटक्याच्या ताकदीचे) आणि संथ (दमाचे) स्नायूतंतू किती, ते प्रमाण यातून कळत नाही. त्यासाठी मांडीत सुई घालून स्नायूचा तुकडा काढावा लागतो. तालमीत त्याचं काम नाही.

आठवड्यात वजन 2 किलो उतरलं आणि मिमी जागच्या जागी, तर गेलं ते बहुतेक पाणी. पाणी पाजा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काट्यावर उभं करा.