फायब्रोनेक्टिनचा नमुना: स्वॅब आधी, बाकी तपासणी नंतर

सातवा महिना चालू आहे, पोट सारखं कडक होतंय, कंबरेतून कळा येतायत. डॉक्टर म्हणतात, ‘फायब्रोनेक्टिन करून पाहू.’ हे गर्भाचं आवरण आणि गर्भाशयाचं अस्तर यांना चिकटवून ठेवणारं प्रथिन. 24 ते 34 आठवड्यांत ते योनीतल्या स्रावात सहसा सापडत नाही. सापडलं, तर बाळंतपण दिवस भरण्याआधी होण्याची शंका घेतात. नमुना घेताना क्रम चुकला, तर अहवालावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून क्रम तुम्हालाही ठाऊक हवा.

सुरुवात तुमच्या सांगण्यापासून. मागच्या 24 तासांत संबंध आला असेल, तर सांगाच. वीर्यामुळे चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. सासूबाई शेजारी असताना हे बोलणं अवघड जातं, म्हणून सिस्टरना बाजूला बोलावून सांगा. योनीत क्रीम किंवा गोळी वापरली असेल, दुसऱ्या दवाखान्यात आतून तपासणी झाली असेल, तर तेही सांगा. पाणी गेलं असेल, बरंच रक्त जात असेल किंवा पिशवीच्या तोंडाला टाका असेल, तर ही चाचणी करत नाहीत. तोंड 3 सेंटिमीटर उघडलं असेल, तरीही नाही.

मग स्वॅब. बोटांनी आतून तपासणी आणि आतली सोनोग्राफी, दोन्ही त्यानंतरच. स्पेक्युलमला, म्हणजे योनी उघडी धरायच्या साधनाला, जेली लावायची नाही, पाण्याने ओला केला की पुरे. किटमधलीच पॉलिस्टरची काडी घेऊन ती गर्भाशयमुखामागच्या खोलगट जागेत साधारण 10 सेकंद हलकेच फिरवतात. त्या वेळी थोडा दाब जाणवतो. अंग सैल सोडा, श्वास रोखू नका.

काडी लगेच नळीतल्या द्रवात बुडवतात, काठाशी मोडतात आणि झाकण घट्ट लावतात. नळीवर तुमचं नाव आणि वेळ लिहिली का, पाहा. 8 तासांत तपासणी होणार नसेल, तर नमुना 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवून 3 दिवसांच्या आत तपासावा लागतो. तालुक्याहून शहरातल्या लॅबला जाणार असेल, तर बर्फाच्या डब्याची चौकशी जरूर करा.

50 नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरपेक्षा कमी आलं, तर पुढच्या आठवड्यात बाळंतपण होण्याची शक्यता फार थोडी. या चाचणीचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो हाच. उगाचची भरती आणि औषधं टळतात. पॉझिटिव्ह आली म्हणून आजच बाळंतपण होईल असं नाही, कित्येकींचे दिवस नीट भरतात. पण बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायला आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठायला वेळ मिळू शकतो.

निगेटिव्ह अहवालानंतरही पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा कळा वाढल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता तडक दवाखान्यात जा.