ज्वारीवर मावा दिसला नाही म्हणून नाचू नका

हे ॲग्रीला एंटोमॉलॉजी म्हणजे कीटकशास्त्र घेतलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय, त्यातही ज्यांना माव्यासारख्या रसशोषक किडींवर थीसिस मिळालाय त्यांच्यासाठी. फ्लोएम म्हणजे झाडाची रसाची नळी, सॅलिसिलिक ॲसिड, जास्मोनिक ॲसिड ही झाडाच्या बचावाची रसायनं, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, त्यात वेळ घालवत नाही. माझं एक अख्खं वर्ष कशात गेलं तेवढं सांगते.

मी सोलापूरची, प्लॉट मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. रब्बी ज्वारीचे 18 वाण, तुलनेला मालदांडी 35-1. डिसेंबरच्या शेवटी ढगाळ हवा पडली आणि बघता बघता चिकटा, म्हणजे माव्यानं सोडलेला गोड चिकट रस, आला, खालची पानं उन्हात तेल चोपडल्यागत चमकायला लागली. एकाच वाणावर काही नाही, पान उलटं करून बघितलं तरी चार-पाच मावे. मला झोप लागेना आनंदानं. गाईडनी बांधावरूनच बघितलं आणि म्हणाले छान, रेझिस्टंट, म्हणजे किडीला दाद न देणारा, लिहून टाक. मी लिहून टाकलं, सेमिनारला बोलून पण आले.

खुरपायला येणाऱ्या मावशी मात्र तेव्हाच म्हणालेल्या, "अगं पोरी, शेजारीण गोड हाय म्हणून हिच्याकडं कोण फिरकंना." मी ऐकून सोडून दिलं. आता माझं स्पष्ट मत आहे की बांधावरून सही करणाऱ्या गाईडपेक्षा रोज पान उलटं करणारं माणूस धरा, मग ते शिकलेलं असो नसो.

पुढं एका सिनियर दादानं विचारलं, पिंजऱ्यात टाकून बघितलंस का. नव्हतं बघितलं. मग तोच वाण कुंडीत लावला, वर बारीक जाळीची पिशवी बांधली, आत 5 मावे सोडले आणि पंधरा दिवसांनी उघडलं तर पानाची खालची बाजू दिसेना इतका मावा. मी तिथंच खाली बसले.

झालं काय होतं, तर रानात पंखवाल्या माव्याला 18 घरं मोकळी होती, त्याला हे घर आवडलं नाही एवढंच. पण शेतकरी 18 वाण लावत नाही ना, तो अख्ख्या रानात एकच लावतो, मग मावा जाणार कुठं, तिथंच बसणार आणि तिथंच वाढणार. पेंटर नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं 1951 मध्येच तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्यात: किडीला झाड न आवडणं, झाडावर कीड नीट न जगणं, आणि कीड असूनही झाडानं तग धरणं. पहिल्या गोष्टीला 1978 पासून अँटिझेनोसिस म्हणतात. परीक्षेत ह्या तिघींच्या व्याख्या मी घडाघडा लिहिल्या होत्या आणि रानात तिघींची खिचडी केली. नुसते मावे मोजून पहिली आणि दुसरी वेगळी कळतच नाही. आणि तिसरी तर हातातून निसटते, कारण मावा भरपूर आणि तरी कणीस भरलेलं असा वाण तुम्ही आकडे बघून फेकून देणार. त्यात मोकळ्या रानात ढालकिडे मावा खाऊन जातात ते वेगळंच.

घाबरू नका, पिंजऱ्याचं काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. सगळे मावे एका वयाचे घ्या आणि तपासायच्या 18 मधल्या एकावरही वाढवलेले नकोत. उचलताना ओढायचं नाही, सोंड पानात रुतलेली असते, तुटली की तो मावा गेला. झिरो नंबरच्या ओल्या ब्रशनं पाठीवर हळूच गुदगुल्या करा, तो आपोआप सोंड काढतो, मग उचला. मला हे जमायला आठवडा लागला, तुम्हालाही लागेल.

ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, पान चावलं की सायनाइड सुटतं, म्हणून तर कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा होते. पण मावा चावत नाही, सोंड पेशींच्या मधून सरकवत थेट रसाच्या नळीपर्यंत जातो, त्यामुळं हे हत्यार बहुतेक पडूनच राहतं. त्याला अडवायचं तर नळीपाशीच, तिथं कॅलोज नावाचा चिकट पदार्थ साचवून झाड नळीचं तोंड बुजवतं. टोमॅटोत एमआय-1.2 ह्या जीनमुळं बटाट्यावरचा मावा टिकत नाही आणि तोच जीन मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीलाही अडवतो. उलट कपाशीच्या पानावर लव जास्त असली की तुडतुडे कमी होतात आणि पांढरी माशी मात्र त्याच लवेवर खूश. म्हणून लव मोजून निकाल काढायचा शॉर्टकट कुणी सांगितला तर ऐकू नका.

रब्बी वर्षातनं एकदाच येते, चुकलं की पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबा. मी थांबले, घरी बोलणी खाल्ली, स्टायपेंड संपला. दुसऱ्या वर्षी सगळे 18 पिंजऱ्यात घातले. बाकीच्यांवर आठवडाभरात पिल्लं मोठी होऊन त्यांना पिल्लं व्हायची, आणि एका वाणावर ती तशीच बारीक राहून मरत होती. आदल्या वर्षीची वही काढली तर त्या वाणापुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, साधारण, पुढं घेऊ नये.