अकाउंट्सच्या नोकरीचा रेझ्युमे: अर्ज नेमका कुठे अडकतो?

पंचवीस-तीस ठिकाणी अर्ज करूनही काही हाललं नाही की बहुतेक जण आधी रेझ्युमेचं डिझाइन बदलतात. निळी पट्टी जाते, हिरवी येते, मजकूर मात्र तोच. त्याऐवजी अर्ज कुठे अडकतोय ते पाहा. फोनच येत नाही? फोन येतो पण पुढे बोलावत नाहीत? की सगळं ठरल्यावर कागदपत्रांत घोळ होतो? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. इथे उदाहरण घेतलंय ते बी.कॉम. होऊन दोन-तीन वर्षं काम केलेल्या आणि चाकण, अंबड किंवा वाळूजच्या एमआयडीसीत अकाउंट्स असिस्टंट म्हणून जाऊ पाहणाऱ्या उमेदवाराचं, कारण हे रेझ्युमे एकमेकांची झेरॉक्स असल्यासारखे दिसतात.

फोनच येत नाही

आधी फाइल तपासा. सायबर कॅफेत प्रिंट काढून स्कॅन केलेली पीडीएफ माणसाला वाचता येते, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते नुसतं चित्र असतं. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच आलं नाही, किंवा शिक्षणाच्या मधोमध फोन नंबर घुसला, तर नोकरीच्या पोर्टललाही तसंच दिसण्याची शक्यता मोठी. दोन रकान्यांचे टेम्प्लेट, टेक्स्ट बॉक्स आणि हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर हे नेहमीचे गुन्हेगार. मराठी जाहिरातीसाठी मराठीत अर्ज करत असाल, तर श्रीलिपी किंवा कृतीदेवचा जुना फॉन्ट नको. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की अक्षरांचा नुसता चिखल दिसतो. युनिकोडमध्येच टाइप करा.

मग पान वरून वाचा. पहिल्या काही ओळींत ‘चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंटमध्ये काम करून संस्थेच्या प्रगतीस हातभार’ वगैरे असेल तर ते काढा. त्या जागी तुम्ही कोण ते एका वाक्यात सांगा: बी.कॉम., ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात अडीच वर्षं, टॅली आणि जीएसटीचं काम. वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची ही लग्नाच्या बायोडाटातली मंडळी इथे कशाला? आधार आणि पॅन नंबर तर कधीच लिहू नका. रेझ्युमे किती जणांच्या हातून फिरतो ते तुम्हाला कळतही नाही. शेवटचं ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि त्याखालची सही काही बिघडवत नाही, पण खाजगी नोकरीसाठी तिची गरजही नसते.

खरी पडझड होते ती कामाच्या वर्णनात. ‘टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक, ऑल अकाउंट्स वर्क.’ एवढ्यावर कुणाला काय कळणार? मालकाला किंवा अकाउंट्स मॅनेजरला जाणून घ्यायचं असतं की तुम्ही कुठपर्यंत एकट्याने काम नेता. खरेदीची बिलं टॅलीत चढवणारा आणि 3बी (जीएसटीचं कर भरण्याचं रिटर्न) भरण्याआधी क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीचा, आकडा पक्का करणारा, दोघेही ‘जीएसटी’ असंच लिहितात. बऱ्याच छोट्या कारखान्यांत रिटर्न बाहेरचा सल्लागार भरतो आणि अकाउंटंट डेटा देतो. त्यात कमीपणा नाही, पण तसं लिहा. उदाहरणार्थ (2बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणारी क्रेडिटची यादी, जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचं रिटर्न):

‘महिन्याला सुमारे 400 खरेदी-विक्री बिलांची टॅली प्राइममध्ये नोंद. दर महिन्याला 2बी जुळवून राहिलेल्या बिलांचा पुरवठादारांकडे पाठपुरावा. जीएसटीआर-1 आणि 3बीचा डेटा 11 आणि 20 तारखेच्या मुदतीआधी सल्लागाराकडे. तीन बँक खात्यांचा महिनाअखेरचा ताळमेळ. टीडीएसचं चलन 7 तारखेच्या आत.’

आकडे अर्थात तुमचेच हवेत. फुगवून लिहिलेलं फार टिकत नाही. ‘2बीमध्ये बिल दिसत नसेल तर काय करता?’ हा साधा प्रश्न आला की खरं-खोटं तिथेच कळतं. मासिक आणि तिमाही रिटर्नच्या तारखा वेगळ्या असतात, तेव्हा वरचं वाक्य तसंच्या तसं उचलूही नका.

एक्सेलपुढे ‘80 टक्के’ लिहून पट्टी रंगवण्याची फॅशन आहे. ऐंशी टक्के कशाचे? त्यापेक्षा ‘व्हीलुकअप लावून थकबाकीची यादी केली’ हे लिहिलं तर काम दिसतं. एमएस-सीआयटी शिक्षणात एका ओळीत पुरे, ते महाराष्ट्रात घरोघरी आहे.

जाहिरातीत ‘मॅन्युफॅक्चरिंगचा अनुभव’ मागितला असेल, तर जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेल्या मालाची चलनं आणि परत आलेल्या मालाचा हिशेब तुम्ही ठेवत होतात ही ओळ वर आणा. ट्रेडिंग कंपनी असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल) वर घ्या. एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवायचा असेल तर निदान या दोन ओळींची जागा तरी बदला.

पोर्टलवरची एक चूक सहसा लक्षातच येत नाही. नवीन रेझ्युमे चढवला, पण प्रोफाइलमधलं शहर लातूर, नोटीस पीरियड दोन वर्षांपूर्वीचा आणि पसंतीचं ठिकाण रिकामं. शोधणारा ‘पुणे, 30 दिवसांच्या आत’ अशी चाळणी लावतो आणि चाकणला यायला एका पायावर तयार असलेला माणूस यादीतच येत नाही.

आता पत्र. ईमेल रिकामा, विषयात ‘रेझ्युमे’, फाइलचं नाव ‘फायनल न्यू 2’ आणि सीसीमध्ये वीस कंपन्यांचे पत्ते. असा मेल कोण उघडेल? दुसरं टोक म्हणजे ‘आपल्या जाहिरातीच्या अनुषंगाने मी विनम्रपणे अर्ज सादर करीत आहे’ असा शाळेतल्या पत्रलेखनाचा पानभर मजकूर. विषयात पद, अनुभव आणि ठिकाण घाला आणि मेलमध्ये चार-पाच ओळी:

‘नमस्कार. तुमच्या चाकण युनिटसाठी अकाउंट्स असिस्टंट हवा असल्याची जाहिरात पाहिली. मी सध्या भोसरीत अशाच कारखान्यात जीएसटीचा डेटा आणि जॉबवर्कची चलनं सांभाळतो. जाहिरातीत स्टॉकचा ताळमेळ मागितला आहे, तो मी दर तिमाहीला स्टोअरसोबत करतो. नोटीस 30 दिवसांची आहे. रेझ्युमे जोडला आहे.’

मेल इंग्रजीत लिहायचा तर इंग्रजीत लिहा, आशय हाच ठेवा. रेझ्युमेत जे आहे तेच पुन्हा सांगणारं पत्र नसलं तरी चालतं.

फोन येतो, पुढे काही नाही

इथे दोष बहुधा रेझ्युमेत जे लिहिलेलं नाही त्यात असतो. ‘सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) किती?’ असं विचारल्यावर हातात येणारा पगार सांगितला की पुढची सगळी आकडेमोड चुकते. दोन्ही आकडे पगाराची स्लिप बघून आधीच काढून ठेवा. मधलं रिकामं वर्ष झाकायला महिने गाळून नुसती साल लिहिली, तरी फोनवर पहिला प्रश्न त्यावरच येतो. बँकेच्या परीक्षा, सीए इंटर, घरातलं आजारपण, जे काही असेल ते एका ओळीत लिहून मोकळे व्हा. आणि अर्ज केल्यावर दोन आठवडे तरी अनोळखी नंबर उचला.

कागदपत्रांत अडकतं

राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, लग्नानंतर बँकेत तिसरंच. रेझ्युमेवर सगळीकडे एकच नाव ठेवा आणि बदल झाला असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र तयार ठेवा. विद्यापीठाचं नाव पदवी प्रमाणपत्रावर छापलंय तेच लिहा. जळगावच्या विद्यापीठाचं नाव 2018 मध्ये आणि सोलापूरचं 2019 मध्ये बदललं, त्यामुळे जुन्या पदवीवर जुनंच नाव असणार. सीजीपीएला 9.5 ने गुणून टक्के काढू नका. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात मिळतं.

सगळ्यात जास्त गोंधळ नोकरीच्या तारखांचा. पीएफ असेल तर यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकाच्या) सेवा इतिहासात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि अनेक कंपन्या तीच मागतात. रेझ्युमेवर मार्चपर्यंत आणि तिथे जानेवारीपर्यंत असं दिसलं की खुलासे सुरू. पीएफ नसलेल्या छोट्या फर्ममध्ये काम केलं असेल तर तसंच सांगा आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट व मालकाच्या सहीचं पत्र हाताशी ठेवा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीखच टाकली नसेल, तर शेवटच्या पीएफ भरण्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या सदस्य पोर्टलवरच्या ‘मार्क एक्झिट’मधून ती स्वतः टाकता येते. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.