सालीवरून आणि फोडीवरून सरपण ओळखा

वखारीत पानं नसतात, तेव्हा आधी साल पाहा. करडी-काळी आणि चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी साल दिसली तर तो ऐन. धावड्याची साल गुळगुळीत, पांढुरकी, पातळ ढलप्या सुटणारी. बाभळीची काळपट, उभ्या खोल भेगांची.

खात्री हवी असेल तर एक ओंडका फोडून घ्या. बाभळीचा गाभा तांबूस निघतो, खैराचा गडद लाल. ही दोन्ही लाकडं जड, आणि त्यांचा निखारा बराच वेळ टिकतो. स्वयंपाकाला मी बाभळीलाच पहिली पसंती देईन. निलगिरी मात्र ओली असतानाच फोडा. वाळली की तिचे पीळदार तंतू कुऱ्हाड अडवून धरतात. पांगारा किंवा सावर हातात घेताच हलकी लागते. ती भुरकन जळून जाते, म्हणून सरपणाच्या भावाने घेऊ नका.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: तोडल्या जागी काळा पडणारा चीक दिसला तर तो बिब्बा असू शकतो. त्या चिकाने कातडीवर फोड येतात आणि धूरही बाधतो. कण्हेर विषारी, तीही चुलीत नको.