मोटरहोमची पाण्याची टाकी रिकामी करताना नेमकं काय काय रिकामं करायचं

आम्ही इंग्लंडमध्ये, लीड्सला राहतो. सेकंडहँड मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतली त्या पहिल्या हिवाळ्यात टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, खाली भळाभळा पाणी गेलं, झालं काम असं समजून गाडीवर कव्हर घातलं आणि विसरलो. मार्चमध्ये पाणी भरून पंप चालू केला तर सिंकखालच्या कपाटातून पाणी बाहेर. बाथरूमच्या नळाच्या आतला भाग तडकला होता आणि पंपाजवळच्या फिल्टरच्या वाटीला केसाएवढी चीर गेली होती. टाकी एकदम ठणठणीत होती. कारण टाकी रिकामी झाली होती, पण पाइप, पंप, नळ, शॉवर यांच्यात पाणी तसंच होतं, आणि पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, मोठ्या टाकीत त्याला फुगायला जागा असते, नळाच्या पोटात नसते. म्हणून हे सविस्तर लिहितेय, नवीन गाडी घेतलेल्या आपल्या लोकांसाठी.

सुरुवात नेहमी पंप बंद करण्यापासून. पॅनलवरचं बटण बंद करा, कारण काही गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि तो कोरडा चालत राहिला की जळतो. मग बॉयलर बंद करा आणि पाणी गार होऊ द्या, घाई करू नका, आतलं पाणी ६० डिग्रीचं असतं आणि ते थेट पायावर येऊ शकतं. त्यानंतर टाकीचा ड्रेन, म्हणजे पाणी सोडायचा व्हॉल्व्ह, उघडा. तो कुठे असतो हे प्रत्येक गाडीत वेगळं, आमच्यात सीटखालचं झाकण काढून टाकीत हात घालून एक दांडा फिरवावा लागतो, काहींना गाडीखाली नुसता पिवळा किंवा लाल नॉब असतो.

आता बॉयलर. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत ट्रुमा कंपनीचा हीटर असतो, कॉम्बी (गाडी आणि पाणी दोन्ही गरम करणारा) असेल तर त्यात १० लिटर पाणी असतं, आणि त्याला फ्रॉस्टकंट्रोल नावाचा व्हॉल्व्ह असतो जो आजूबाजूचं तापमान ३ डिग्रीच्या आसपास आलं की आपोआप उघडून बॉयलर रिकामा करतो. चांगली सोय आहे, पण ती फक्त बॉयलरपुरती, बाकीच्या नळांचं पाणी तुम्हालाच काढायचंय. आणि एक, थंडीत पाणी भरायला गेलात तर हा व्हॉल्व्ह ७ डिग्रीच्या वर गेल्याशिवाय बंदच होत नाही, भरलेलं पाणी गाडीखालून वाहत राहतं आणि माणूस गळती शोधत बसतो. आधी हीटिंग लावून गाडी गरम करा, मग भरा. काही लोक व्हॉल्व्हच्या बटणाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवतात, मी लावत नाही, कारण तो काढायचा राहिला की बॉयलर फुटेल.

सगळ्यात जास्त वेळ नळांना द्या. सगळे नळ उघडायचे आणि दांडी बरोबर मध्यभागी ठेवायची, म्हणजे गरम आणि गार दोन्ही बाजू मोकळ्या राहतात, एका टोकाला ठेवली की दुसऱ्या बाजूचं पाणी अडकतं, आमचं हेच झालं होतं. शॉवरचं डोकं काढून पाइप आधी उंच धरा, मग एकदम खाली ट्रेमध्ये सोडा आणि झटका, प्रत्येक वेळी कपभर तरी पाणी निघतं. बाहेरच्या बाजूला शॉवर पॉइंट असेल तर तोही. टॉयलेटचं फ्लश दाबून रिकामं करा, काहींना फ्लशची वेगळी छोटी टाकी असते तिचा ड्रेनही वेगळा असतो. ज्या कोपऱ्यात ड्रेन आहे त्याच्या विरुद्ध बाजूचं चाक लेव्हलिंग रॅम्पवर (चाकाखाली ठेवायच्या उतरत्या ठोकळ्यावर) चढवा, गाडी ड्रेनकडे कलते आणि टाकीच्या तळाशी राहिलेलं उरलंसुरलं पाणी बाहेर येतं, हे आम्हाला कँपसाइटवरच्या एका आजोबांनी दाखवलं. पंप टाकीच्या बाहेर बसवलेला असेल तर शेवटी चार-पाच सेकंद चालवून बंद करा, त्याच्यातलं पाणी ओकतो, आणि फिल्टरची वाटी आटे फिरवून काढून कोरडी करा. हे झालं की ड्रेन आणि नळ हिवाळाभर उघडेच राहू द्या, बंद करायचा मोह टाळा.

टाकीचं स्वच्छ पाणी गवतावर सोडलं तरी चालतं, पण रस्त्यावर नको, रात्री त्याचा बर्फ होतो आणि सकाळी कोणीतरी घसरतं. सिंक-शॉवरचं सांडपाणी मात्र कँपसाइटवर ते ओतायची जागा असते त्या सर्व्हिस पॉइंटच्या जाळीतच.

आता स्वच्छता. आपल्याकडे माठातलं कालचं पाणी ओतून, माठ घासून ताजं भरायचे, शिळं पाणी पिऊ नये म्हणायचे, ते अगदी बरोबर होतं, आणि टाकीला तेच लागू. उभ्या गाडीत पाणी आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. लिजिओनेला नावाचे जंतू २० ते ४५ डिग्रीत मजेत वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात, म्हणून बऱ्याच दिवसांनी गाडी वापरताना शॉवर आधी जमिनीलगत धरून चांगला वाहू द्यायचा, खिडकी उघडी ठेवून, आणि मगच अंघोळ.

वर्षातून दोनदा तरी टाकीचं झाकण काढून आत हात घाला. भिंतीला बोट लावून बघा, बुळबुळीत लागलं तर थर जमलाय. मऊ फडक्यानेच पुसा, तारेची घासणी किंवा स्क्रबर नको, त्याच्या ओरखड्यांत तोच थर आणखी घट्ट बसतो. मग टाकीसाठी मिळणारं क्लीनर बाटलीवरच्या मापाने घालून प्रत्येक नळातून त्याचा वास येईपर्यंत पाणी सोडा, सांगितलेला वेळ ठेवा आणि दोन-तीनदा टाकी भरून ओता. बॉयलर स्टेनलेस स्टीलचा असेल तर क्लोरिनवालं नको, स्टील खातं, क्लोरिन-फ्री घ्या. सुपरमार्केटमधलं घट्ट सुगंधी ब्लीच तर कधीच नको. लंडन, केंट भागातलं पाणी जड असतं, तिकडे फिरून आलात तर बॉयलरमध्ये क्षार साचतात, त्याला सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूफूल चालतं, पण ते आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो. आधी क्षार काढा, भरपूर धुवा, मग जंतुनाशक.

भरायचा पाइप खाण्यापिण्याच्या पाण्याचा, इथे निळा मिळतो, बागेचा हिरवा नको, पाण्याला प्लॅस्टिकचा वास येतो. वापरून झाला की पूर्ण निथळवून दोन्ही तोंडं एकमेकांना जोडून ठेवा, किडे शिरत नाहीत. भरायच्या आधी तो अर्धा मिनिट नुसता वाहू द्या. आणि निघताना पूर्ण टाकी भरायची गरज आहे का बघा, १०० लिटर म्हणजे १०० किलो, गाडीच्या एकूण वजनाच्या ३,५०० किलोच्या मर्यादेत सामान, सायकली, माणसं सगळंच बसवायचं असतं. आम्ही २० लिटरवर निघतो आणि पोचल्यावर भरतो.

वसंतात पहिल्यांदा भरताना मात्र थोडंच भरा, पंप चालू करून नळ बंद ठेवा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवून दहा मिनिटं थांबा. पंप मधूनच आपोआप घुर्र करत असेल तर कुठेतरी गळतंय, टिश्यू बघून जागा सापडते, तिथला क्लिप घट्ट करा, नाहीतर पाइपचं टोक इंचभर कापून पुन्हा बसवा.