सेतार हाती आल्यावर: घोडी, तारा, पडदे आणि सूर

इराणी सेतार म्हणजे आपली सतार नव्हे. सेतारीला भोपळा नसतो, तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) नसतात आणि जवारीही (घोडीच्या रुंद माथ्यामुळे येणारी झणझण) नसते. तुतीच्या लाकडाचा लहानसा पेरूसारखा पोटफुगा, त्यावर तुतीचीच पातळ तबली, अक्रोडाची बारीक दांडी, चार खुंट्या, चार तारा आणि दांडीवर बांधलेले पंचवीस ते अठ्ठावीस सरकते पडदे, एवढाच हा संसार. पूर्ण लांबी साधारण ८५ सेंमी. वजन इतके कमी की पहिल्यांदा उचलणाऱ्याला आत काही राहून गेले की काय असे वाटते. आवाजही तितकाच लहान आहे. तो मोठा करण्याच्या नादात जाड तारा चढवल्या की तबली बसते, म्हणून तो नाद पहिल्याच दिवशी सोडावा.

इराणहून किंवा दुबईमार्गे मागवलेले वाद्य बहुतेक वेळा बेसूर पोहोचते. घोडी (तबलीवर तारा पेलणारा लाकडी तुकडा) पडलेली असते, चारदोन पडदे सरकलेले असतात, एखादी तार तुटलेली असते. अशा वेळी लोक थेट पडदे हलवायला घेतात आणि सगळे काम दुप्पट करून ठेवतात. क्रम असा ठेवा: दांडी, घोडी, तारा, मग पडदे. घोडी दोन मिलिमीटर सरकली तरी पडद्यांचे सगळे हिशेब बदलतात.

दांडी आणि पोट तपासणे

खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून दांडीच्या कडेवरून पोटाकडे पाहा. तारांच्या ओढीने दांडी किंचित पुढे झुकलेली असेल तर चालते. मागे वाकलेली किंवा पिळलेली असेल तर वाद्य परत करा, घरी ते सरळ होत नाही. पोट दोन प्रकारचे असते. एकाच ओंडक्यातून कोरलेले, किंवा वाकवलेल्या पातळ पट्ट्या जोडून केलेले. आज पट्ट्यांचेच जास्त मिळतात. त्यात प्रत्येक सांध्यावर बोट टेकवत नखाने हलके वाजवा. जिथे टकटक एकदम बोथट येते तिथे सरस सुटलेला असण्याची शक्यता असते. तबलीवर बारीक भोके असतात ती मुद्दाम पाडलेली असतात, त्यांना कीड समजू नका. तबलीवर जाड चकचकीत व्हार्निश दिसले तर मात्र सावध व्हा. सजावटीसाठी केलेल्या वाद्यांची ती ओळख आहे.

घोडी

सेतारीची घोडी अगदी बारीक, लाकडी आणि वरून जवळजवळ धारदार असते. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी राहते. दांडीच्या वरच्या टोकाला हाडाची अटी असते. अटी ते घोडी हे अंतर म्हणजे वाजणारी तार, साधारण ६५ सेंमी. आपले वाद्य ६४ किंवा ६६चे असू शकते, तेव्हा आधी स्वतः मोजा.

घोडी बसवताना तिची उभी बाजू तबलीशी काटकोनात हवी. तारा चढवत गेले की ती हळूहळू खुंट्यांकडे कलते, म्हणून प्रत्येक तारेनंतर बाजूने पाहा आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सरळ करा. पूर्ण कलेपर्यंत थांबलात तर ती घसरून तबलीवर आपटते आणि चीर पडते.

मिरजेच्या किंवा गावातल्या सतारीच्या कारागिराकडे काम दिलेत तर एक गोष्ट ठासून सांगा: जवारी काढायची नाही. हात सवयीचा असतो आणि घोडीचा माथा कानसने रुंद केला जातो. इथे तार घोडीवर एका रेषेतच टेकली पाहिजे. झणझण आली की तो दोष आहे, गुण नव्हे.

तारा

चार तारांची नेहमीची मापे अशी: पहिली पोलाद ०.१८ ते ०.२० मिमी, दुसरी पिवळी (ब्राँझ किंवा पितळ) ०.२० ते ०.२२ मिमी, तिसरी पुन्हा पोलाद पहिलीइतकीच, चौथी पिवळी ०.३५ मिमीच्या आसपास. मूळच्या तीन तारांमध्ये तिसऱ्या जागेची ही तार मागाहून आली. परंपरा तिचे श्रेय मुश्ताक अली शाह या दरवेशाला देते, म्हणून वादक तिला मुश्ताकच म्हणतात. चौथी ती बम, म्हणजे खर्ज.

इराणी तारांचा संच सहज मिळत नाही. गिटारची बारीक साधी पोलादी तार ०.००८ इंचाची मिळते, म्हणजे ०.२० मिमी. ०.००७ इंचाची मिळाली तर ती ०.१८ मिमी. टोकाचे पितळी बोंड कापून टाका. सतारीची बाजाची तार इथे चढवू नका, ती जवळपास दीडपट जाड असते. बमसाठी पितळी तार एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे ब्रिटिश क्रमांक) मापाने २९ नंबरची घ्या, ती ०.३४५ मिमी भरते. दुकानातल्या लेबलवर विसंबू नका, मायक्रोमीटर लावून घ्या.

जुन्या तारा एकदम सगळ्या काढू नका. एक काढा, एक चढवा, म्हणजे घोडी जागेवर राहते. साधारण एक मीटर तार घ्या. एका टोकाला फास करून आठ-दहा पीळ द्या, मग तीन-चार घट्ट वेढे काटकोनात घाला आणि उरलेले टोक पुढेमागे वाकवून तोडा. पक्कडीने कापलेले टोक बोट फाडते. फास पोटाच्या तळाशी तारा अडकवायच्या लंगोटात अडकवा, तार घोडीच्या खाचेतून अटीवर आणि तिथून खुंटीला न्या. खुंटीवर चार-पाच वेढे पुरतात.

खुंटी घसरत असेल तर बाहेर काढून तिच्या निमुळत्या भागावर कोरडा खडू घासा. अडकत असेल तर आधी थोडा कपड्याचा साबण, वर खडू. फिरवताना तिला आत दाबत फिरवायचे, नुसते फिरवले तर ती सुटतेच.

सूर कुठे लावायचा

माहूर या दस्तगाहासाठीची (इराणी संगीतातल्या रागसमूहासाठीची) लावणी सर्वांत सोपी आणि पडदे बसवायला सोयीची आहे. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एकचा सा धरा. पहिली तार मध्य सा, दुसरी मंद्र पंचम, तिसरी मध्य सा, चौथी मंद्र सा. इराणी वादक यालाच दो, सोल, दो, दो म्हणतात. दुसरी पिवळी तार चुकून सा पर्यंत ओढलीत तर ती तुटणारच, तेवढा ताण पितळ सोसत नाही. इतर दस्तगाहांत मुख्यतः मुश्ताक आणि बम वेगळ्या स्वरावर जातात, कधी दुसरीही. तो भाग ज्या उस्तादांच्या पद्धतीने शिकत असाल त्यांच्याकडून घ्या.

सूर लागल्यावर घोडीची शेवटची परीक्षा करा. पहिली तार बरोबर मध्यावर नुसती स्पर्शून वाजवा, मग त्याच जागेवरच्या सप्तकाच्या पडद्यावर दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी तळाकडे सरकवा, उतरा असेल तर दांडीकडे. सरकवण्याआधी तारा अर्धा स्वर उतरवा. हे पक्के झाल्याशिवाय पडद्यांना हात लावू नका.

पडदे बांधणे

पडदे पूर्वापार तातीचे, म्हणजे आतड्याच्या दोऱ्याचे. आता नायलॉनही सर्रास वापरतात. जाडी अर्ध्या मिमीच्या आसपास. काही पडद्यांना चार वेढे असतात, काहींना तीन. मुख्य स्वरांना चार, अधल्यामधल्या स्वरांना तीन अशी सर्वसाधारण वाटणी असते, त्यामुळे वाजवताना नजरेला जागा सापडते.

एका पडद्याला सुमारे ५० सेंमी दोरा लागतो. वाजवताना दांडीची जी कड छताकडे असते, त्या कडेवर गाठ यायला हवी. कित्येक वाद्यांत तिथे गाठ बसण्यासाठी बारीक खाच असते. दोऱ्याच्या सुरुवातीच्या टोकाचा छोटा फास त्या कडेवर धरा आणि दोरा दांडीभोवती वेढत न्या. वेढे शेजारी शेजारी, एकावर एक अजिबात नको, कारण चढलेला वेढा पुढच्या पडद्यावर तारेला झणझणवतो. शेवटचे टोक फासातून ओवून उलट दिशेला खेचा, मग दोन्ही टोकांची दुहेरी गाठ मारा. दोन-तीन मिमी सोडून कापा आणि पेटत्या उदबत्तीचे टोक लावून शेवटचे बोंड बनवा. बोंड नसेल तर गाठ आठवडाभरात सुटते.

बांधताना पडदा खुणेच्या पाच मिमी खुंट्यांकडे बांधा आणि मग खुणेवर ओढून आणा. पोटाकडे दांडी थोडी रुंदावते, त्यामुळे तो सरकताना घट्ट होतो. नेमका खुणेवर बांधलेला पडदा महिन्यात ढिला पडतो.

वाजणारी तार ६५ सेंमी असेल तर अटीपासून पडद्यांची अंतरे, मिलिमीटरमध्ये (कोरोन आणि सोरी म्हणजे काय ते यादीखाली):

कोमल रे ३३, रे कोरोन ५०, शुद्ध रे ७२
कोमल ग १०१, ग कोरोन ११७, शुद्ध ग १३६
म १६२, म सोरी १८०, प कोरोन २०१, प २१७
कोमल ध २३९, ध कोरोन २५०, शुद्ध ध २६५
कोमल नि २८४, नि कोरोन २९५, शुद्ध नि ३०८, तार सा ३२५

वरच्या सप्तकासाठी खालच्या अंतराच्या निम्मे ३२५मध्ये मिळवा: तार रे ३६१, तार प ४३३. तार ६५ सेंमी नसेल तर प्रत्येक आकडा त्या प्रमाणात कमीजास्त करा. ही अंतरे फक्त सुरुवातीची खूण आहेत. तार दाबली की ताण वाढतो, म्हणून प्रत्यक्षात पडदा बहुधा एखादा मिलिमीटर अटीकडे जातो.

कोरोन म्हणजे सुमारे पाव स्वर खाली आणि सोरी म्हणजे तेवढाच वर. ही नावे आणि चिन्हे २०व्या शतकाच्या पूर्वार्धात अली-नकी वझीरी यांनी रूढ केली. आपल्या कोमलाहून कोरोन वर असतो, शुद्धाहून खाली.

बरोबर जागा कानाने अशी पकडा. दुसरी तार म च्या पडद्यावर दाबली की ती मोकळ्या पहिल्या तारेशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर म हलवा. दुसरी तार प च्या पडद्यावर आणि पहिली तार रे च्या पडद्यावर एकच स्वर देतात. दुसरी तार ध च्या पडद्यावर आणि पहिली ग च्या पडद्यावर, तेही एकच. दुसऱ्या तारेवरचा कोमल ग पडदा पहिल्या तारेवरच्या कोमल नि च्या बरोबर एक सप्तक खाली असतो. एवढ्या जोड्या जुळल्या की सांगाडा उभा राहिला.

तानपुऱ्यावर घडलेला कान इथे हमखास एक चूक करतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार ६५ सेंमीच्या तारेवर १३० मिमीवर येतो, तर सेतारीचा शुद्ध ग १३६च्या आसपास असतो. सहा मिलिमीटर म्हणजे डोळ्याला दिसण्याइतका फरक. बिलावल ठाट डोक्यात ठेवून माहूर लावला की ग खाली राहतो आणि मग वरची जोडी ध शी जुळतच नाही. अशा वेळी ध ओढून खाली आणू नका. ग वर न्या आणि तो चढा ग कानात मुरू द्या.

कोरोनचे पडदे सर्वांत शेवटी. रे कोरोन हा कोमल आणि शुद्ध रे यांच्या मध्यावरून किंचित कोमलकडे ठेवून सुरुवात करा. पण इथे शेवटचा शब्द ट्यूनर ॲपचा नाही. पाव स्वराचे ठोक ५० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) देणारे ॲप सरळ रेघ मारते, तर वादकांचे कोरोन दस्तगाहागणिक आणि घराण्यागणिक थोडे हलतात. एखादे ध्वनिमुद्रण घेऊन ताडून पाहणे उत्तम. अहमद इबादी (१९०६–१९९३) यांची जुनी ध्वनिमुद्रणे यासाठी सोयीची आहेत, कारण ते बरेचसे एकाच तारेवर वाजवत आणि स्वर सुटा, स्वच्छ ऐकू येतो. ज्यांच्या रदीफवर (पाठ करायच्या पारंपरिक सुरावटींच्या संग्रहावर) आजचे बहुतेक शिक्षण उभे आहे त्या मिर्झा अब्दुल्लांचे ते चिरंजीव.

झणझण आली तर

एकाच पडद्यावर येत असेल तर त्याच्या पुढचा, म्हणजे पोटाकडचा पडदा उंच आहे किंवा त्याचा वेढा चढला आहे. मोकळ्या तारेवरच येत असेल तर अटीची खाच खोल गेली आहे. तात्पुरता कागदाचा कपटा घालून खात्री करा, मग अटी बदला. सगळीकडे येत असेल तर दांडी किंवा घोडीची उंची बघा. सप्तकाच्या पडद्यावर तार साधारण ३ ते ४ मिमी उंच असावी. स्वर येतो पण लगेच मरतो अशी तक्रार असेल तर पडदा ढिला असतो.

वाजवायला मिजराब (सतारियांची बोटात घालायची तारेची नखी) नको. उजव्या तर्जनीचे नख बोटाच्या टोकापुढे एक-दीड मिमी ठेवा आणि बारीक पॉलिश कागदाने कड गोल करा. तारेची मिजराब सेतारीवर चालवली की आवाज पत्र्यासारखा होतो आणि तबलीवर ओरखडे उठतात.

पावसाळा

तेहरान-इस्फहानच्या कोरड्या हवेत बनलेले वाद्य मुंबई-रत्नागिरीच्या जूनमध्ये आले की खुंट्या फुगून अडकतात, तबली वर उचलते आणि तारा पडद्यांपासून उंच झाल्यासारख्या दिसतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ५५ टक्के राहिले तर बरे. फुगलेली खुंटी पक्कडीने फिरवू नका, डोके तुटते. पेटी दोन दिवस एसीच्या किंवा कोरड्या खोलीत ठेवा, ती आपोआप सुटते. तातीचे पडदे दमट हवेत ढिले होतात, तेव्हा जून ते सप्टेंबर नायलॉनच बरे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसा, पोलादी तारेला घामाने आठवड्यात गंज धरतो. प्रवासाला नेताना सगळ्या तारा एक-दीड स्वर उतरवा, पूर्ण सैल मात्र करू नका, नाहीतर घोडी पेटीत सुटून तबलीवर आपटते.