दुर्गम डोंगरात रेल्वेचा कमानी पूल: आराखड्यातील या चुका टाळा

खोल दरी दिसली की कमानीचा पर्याय पुढे येतो, कारण नदीपात्रात खांब उभारावे लागत नाहीत. मात्र कमान दोन्ही काठांवर मोठा आडवा रेटा देते. म्हणून आकार आधी ठरवून खडक नंतर तपासणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. जम्मूच्या रियासी जिल्ह्यात कोकण रेल्वेच्या देखरेखीखाली चिनाब नदीवर ४६७ मीटर गाळ्याची (दोन टेकूंमधील अंतराची) पोलादी कमान उभी राहिली, तीही भेगाळलेल्या डोलोमाइट खडकाचे उतार आधी बळकट करून. त्याच रेल्वेमार्गावर अंजी खड्ड या नदीवर मात्र योजलेली कमान भूगर्भीय अडचणींमुळे सोडून एका पायलॉनचा (उंच मनोऱ्याचा) केबल पूल बांधावा लागला. असा निर्णय पायाचे खोदकाम सुरू होण्यापूर्वी झालेला बरा.

पायाच्या मध्यावर खडक तपासण्यासाठी एखादे बोअर (खोल छिद्र) घेऊन समाधान मानू नये. ड्रिलिंगचे पाणी भेगांत मुरून परत येत नसेल किंवा बाहेर काढलेल्या खडकाच्या गाभ्याचे तुकडेच हाती येत असतील, तर आणखी बोअर घ्यावेत आणि भेगांचा कल दरीकडे आहे का, हे उतारावर प्रत्यक्ष मोजावे.

दुसरी चूक म्हणजे केवळ पूर्ण झालेल्या पुलाचे गणित करणे. दोन्ही काठांवरून पुढे सरकणारी अर्धी कमान तात्पुरत्या केबल्सवर तोललेली असते आणि तिच्या काही भागांतील बल पुढे उलटते (ताणाचा दाब किंवा दाबाचा ताण होतो). त्यामुळे प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. टोके जुळत नसतील तर बोल्टची छिद्रे मोठी करण्याची घाई करू नये. आधी केबलमधील ताण आणि पोलादाचे तापमान पाहावे. ४६७ मीटर पोलादाची लांबी १० अंशांच्या फरकाने सुमारे साडेपाच सेंटिमीटरने बदलते, आणि एका बाजूला ऊन लागले की कमान वाकतेही. मापे पहाटेच घ्यावीत.

सुट्या भागांचा आकार घाटातील वळणे आणि केबल क्रेनची क्षमता ठरवतात, संगणकावरील सोय नव्हे. चिनाबला जोडणीच्या कार्यशाळाच डोंगरात उभाराव्या लागल्या. वाऱ्यासाठीही मैदानी आकडे चालत नाहीत. तो पूल ताशी २६६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासाठी आखला आहे.

तपासणीच्या वाटा मूळ आराखड्यातच हव्यात, कारण नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवर रंगकामासाठी नंतर परांची बांधता येत नाही.